निरर्थाची घडण : 'अमंग अस' या खेळातून उपजलेली बोली आणि मीम-रचना

१. विषयप्रवेश

तरुणांच्या बोलण्यातील नवे शब्द हा शिक्षकवर्गात बहुधा तक्रारीचा विषय असतो. अभ्यासाचा विषय तो क्वचितच होतो. त्यातही संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील खेळांतून आलेले शब्द आणि त्यांच्याभोवती रचली जाणारी विक्षिप्त चित्रे व वाक्ये यांना 'निरर्थक' हे एकच विशेषण लावून बाजूला सारले जाते. हे विशेषण निंदा म्हणून योजलेले असले, तरी भाषाव्यवहाराच्या दृष्टीने ते एक शास्त्रीय विधानही आहे, आणि विधान म्हणून ते तपासून पाहिले पाहिजे. एखादी रचना निरर्थक आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? तिच्यातील शब्दांनाच अर्थ नाही असे? की शब्दांना अर्थ असूनही वाक्याला नाही असे? की वाक्याला अर्थ असूनही तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही असे? या तीन गोष्टी परस्परभिन्न आहेत. त्यांची गल्लत झाली की निरर्थाचे वर्णन होत नाही, केवळ निषेध होतो.

प्रस्तुत लेखात 'अमंग अस' या व्हिडिओ खेळातून २०२० ते २०२२ या काळात इंग्रजीभाषक तरुणांमध्ये, आणि त्यांच्याद्वारे जगभर, पसरलेला 'सस' हा शब्द व त्याच्या अवतीभवती निर्माण झालेली निरर्थ मीमे यांचा विचार केला आहे. विवेचनासाठी शाब्दबोधाची आणि संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा मुख्यत्वे वापरली आहे. अर्थ कोठे व कसा तुटतो याची जितकी काटेकोर छाननी आपल्या प्राचीन वैयाकरणांनी, मीमांसकांनी आणि आलंकारिकांनी केली आहे तितकी क्वचितच कोणी केली असेल, हे त्यामागील कारण होय.

'मीम' ही संज्ञा रिचर्ड डॉकिन्स यांनी 'द सेल्फिश जीन' (१९७६) या ग्रंथात 'जीन'शी ध्वनिसाम्य साधून घडविली. अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाणारा संस्कृतीचा एकक, असा तिचा मूळ अर्थ. महाजालावरील मीमांचा विचार करताना मात्र लिमोर शिफमन यांनी 'मीम्स इन डिजिटल कल्चर' (२०१४) मध्ये केलेली व्याख्या अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते मीम म्हणजे एखादी सुटी कृती नव्हे. आशय, रूप किंवा भूमिका यांबाबत साम्य असलेल्या, परस्परांची जाणीव ठेवून केलेल्या आणि अनेकांनी अनुकरण व रूपांतर करीत पसरविलेल्या कृतींचा समूह म्हणजे मीम. यातील 'परस्परांची जाणीव' हा घटक प्रस्तुत विवेचनात कळीचा आहे. एकटे मीम वाचणे म्हणजे उखाण्याच्या परंपरेची कल्पना नसताना एकच उखाणा ऐकण्यासारखे आहे.

२. खेळ आणि त्यातील भाषिक परिस्थिती

'अमंग अस' हा खेळ अमेरिकेतील इनरस्लॉथ या अगदी लहान संस्थेने जून २०१८ मध्ये प्रथम भ्रमणध्वनीसाठी प्रसिद्ध केला. आरंभी त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे जगभर माणसे घरात अडकून पडली असताना, खेळ खेळत त्याचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या मंडळींनी तो उचलला आणि काही आठवड्यांत तो सर्वतोमुखी झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचे सुमारे ५० कोटी खेळाडू असल्याचा अंदाज सुपरडेटा या पाहणीसंस्थेने वर्तविला होता. २० ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सदस्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ व इल्हान ओमर यांनी तरुणांना मतदानास उद्युक्त करण्यासाठी हाच खेळ जाहीरपणे खेळून दाखविला, तेव्हा एका वेळी चार लाखांहून अधिक प्रेक्षक तो पाहत होते.

खेळाची रचना साधी आहे. एका अंतराळयानात निरनिराळ्या रंगांचे पोशाख घातलेले काही सदस्य दुरुस्तीची कामे करीत असतात. त्यांच्यात एक किंवा अधिक तोतये असतात. तोतया गुपचूप इतरांचा वध करतो. हवा खेळविण्याच्या नळातून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निसटतो. आणि कोणास प्रेत सापडले की सर्वांबरोबर सभेत बसून साळसूदपणे चर्चा करतो. सभेअंती मतदान होते आणि बहुमताने एकाला यानाबाहेर फेकले जाते. तो खरोखर तोतया होता की निरपराध, हे बहुधा फेकून दिल्यानंतरच कळते. मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६ साली रचलेल्या 'माफिया' या बैठ्या खेळाचे हे यांत्रिक रूप होय.

या खेळात बोलण्याची संधी सभेपुरतीच असते. एरवी सारे मूक असतात. सभेची मुदत सेकंदांत मोजलेली असते आणि अनोळखी खेळाडूंशी संवाद साधायचा तो प्रायः भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या कळफलकावर टंकून. अशा स्थितीत वाक्य जितके लांब तितके ते बोलणाऱ्याच्या विरोधात जाते, कारण ते पुरे होईपर्यंत इतरांची मते पडून गेलेली असतात. म्हणून आरोप, साक्ष, समर्थन आणि निवाडा हे चारही भाषिक व्यवहार दोन-तीन अक्षरी शब्दांत उरकले जाऊ लागले. 'रेड सस' या दोन शब्दांत कर्ता आहे, विधेय आहे, आणि क्रियापद गाळलेले आहे. 'लाल पोशाखवाला संशयास्पद आहे' असे हे पूर्ण विधान आहे. पुढे २०२१ साली, विशेषतः लहान मुलांसाठी, तयार शब्द व वाक्ये निवडून संवाद करण्याची सोय खेळात आली, तेव्हा परिस्थितीने घडविलेला हा संक्षेप यंत्राने जणू नियमबद्धच केला.

येथे एक गोष्ट नोंदवावी लागते. खेळाच्या मर्यादेत ही भाषा मुळीच निरर्थक नाही. उलट ती कमालीची प्रयोजननिष्ठ आहे. निरर्थाचा आरंभ ती खेळाबाहेर पडल्यावर होतो.

३. 'सस' : एका शब्दाचा विस्मृत इतिहास

'सस' हा शब्द या खेळाने निर्माण केला, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. संशय व संशयित या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचे हे लघुरूप ब्रिटनमधील पोलिसांच्या बोलीत १९३० च्या दशकापासून आढळते. 'छडा लावणे' या अर्थाचे त्याचे क्रियापदरूपही पुढे इंग्रजीत स्थिरावले.

या शब्दाला एक कटु सामाजिक संदर्भही आहे. भटक्यांच्या बंदोबस्तासाठी केलेल्या १८२४ च्या ब्रिटिश कायद्यातील चौथ्या कलमान्वये, गुन्ह्याच्या हेतूने हिंडत असल्याच्या केवळ संशयावरून पोलिसांना कोणासही पकडता येत असे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात या तरतुदीचा वापर प्रामुख्याने कृष्णवर्णीय तरुणांविरुद्ध होऊ लागला आणि ती 'सस लॉ' या नावाने कुप्रसिद्ध झाली. तिच्याविरुद्ध दीर्घकाळ चळवळ झाली. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात उसळलेल्या दंगलीमागे पोलिसांच्या अशा वर्तनाविषयीचा साचलेला रोष होता. त्याच वर्षी ही तरतूद रद्द करण्यात आली. अमेरिकेतही हा शब्द खेळाच्या पुष्कळ आधीपासून कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीत व त्यांच्या गीतांत प्रचलित होता.

म्हणजे 'सस' हा शब्द खेळात आला तेव्हा त्याच्यामागे सुमारे नऊ दशकांचा इतिहास होता, आणि त्यात रस्त्यावर अडवल्या गेलेल्या माणसांचा अनुभव साठलेला होता. खेळाने त्याला कोट्यवधी नवे भाषक दिले आणि जवळजवळ त्याच प्रमाणात त्याचा भूतकाळ पुसून टाकला. मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने २०२२ साली नव्या शब्दांत त्याचा समावेश केला, तेव्हा बहुसंख्य वापरकर्त्यांच्या लेखी तो दोन वर्षांचा शब्द होता. शब्द एका समूहाकडून दुसऱ्या समूहाकडे जाताना अर्थाचा काही भाग मागे राहतो, हे अर्थपरिवर्तनाचे सामान्य तत्त्व आहेच. परंतु एरवी ज्या क्रियेस दोन-तीन पिढ्या लागतात ती येथे काही महिन्यांत घडली. भाषेच्या अभ्यासकाने शब्दाच्या नावीन्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची जुनी कागदपत्रे पाहावीत, एवढा धडा तरी यातून घ्यावयास हवा.

४. शब्दाकडून आकृतीकडे : विकाराच्या चार अवस्था

खेळातून बाहेर पडल्यानंतर या सामग्रीत जी स्थित्यंतरे झाली त्यांच्या चार अवस्था कल्पिता येतात. त्या कालदृष्ट्या काहीशा परस्परव्यापी आहेत. तरी त्यांचा तार्किक क्रम स्पष्ट आहे.

पहिली अवस्था संक्रमणाची. खेळातील संज्ञा व्यवहारातील प्रसंगांना लावल्या जाऊ लागल्या. वर्गातून हळूच निसटणाऱ्याला 'नळातून गेला' म्हणायचे, वागण्यात काही लपवाछपवी दिसली की 'सस' म्हणायचे. हे साधे रूपक आहे. उपमेय व उपमान यांतील साधर्म्य जागेवर आहे. आपण मराठीत 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हणतो तेव्हा जे साधतो तेच येथे साधले जाते.

दुसरी अवस्था ध्वनिविकाराची. २०२० च्या अखेरीपासून खेळाच्या नावाचे 'अमोगस' असे मोडलेले रूप प्रचारात आले. 'सस'पासून 'ससी' झाले. त्याला 'मूर्ख' या अर्थाचा 'बाका' हा जपानी शब्द जोडून 'ससी बाका' असा संकर झाला. या रूपांत अर्थाची नवी भर काहीच नाही. आहे तो केवळ ध्वनीचा चाळा. मुले अक्षरांची अदलाबदल करून 'च'ची भाषा बोलतात तेव्हा त्यांना मिळणारा आनंद याच जातीचा असतो. फरक इतकाच की 'च'ची भाषा उलगडता येते आणि उलगडल्यावर आत संदेश सापडतो. 'अमोगस' उलगडले तर आत खेळाच्या नावापलीकडे काहीच नसते.

तिसरी अवस्था आकृतीची. या खेळातील पात्र म्हणजे पाठीवर पिशवी, समोर काच आणि खाली दोन आखूड पाय असलेला, हात नसलेला एक घुमटाकार ठोकळा. इतकी साधी आकृती कशातही दिसू शकते. कचऱ्याची पेटी, इमारतीची बाह्यरेषा, रस्त्यावरील खुणा यांत ती 'पाहणे' हाच एक खेळ झाला. २०२१ च्या मे-जूनमध्ये मॅकडोनाल्डच्या कोंबडीच्या वड्यांपैकी या आकाराचा एक वडा ईबे या संकेतस्थळावर लिलावास निघाला आणि बोली ९९,९९७ डॉलरपर्यंत गेली. एप्रिल २०२२ मध्ये रेडिट या संकेतस्थळाने लाखो लोकांना एकेक रंगीत ठिपका ठेवता येईल असा सामायिक चित्रफलक उघडला, तेव्हा त्यावरील ध्वजांत व चित्रांत जागोजागी मोजक्या ठिपक्यांची ही आकृती लपवून ठेवलेली आढळली.

याच अवस्थेतील एक उदाहरण लिपीच्या अभ्यासकास विशेष रोचक वाटेल. सिंहली लिपीतील एक अक्षर या पात्रासारखे दिसते, असे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि ते अक्षर पात्राचे टंकरूप चित्र म्हणून जगभर वापरले जाऊ लागले. हे अक्षर म्हणजे कवर्गातील कंठ्य अनुनासिक, अर्थात आपल्या 'ङ'चे सिंहली भावंड. आपल्याकडे 'ङ' जसा वर्णमालेत असतो पण व्यवहारात फारसा लागत नाही, तसेच सिंहलीतही ते विरळा वापरातले अक्षर आहे. ध्वनीचे चिन्ह म्हणून जवळजवळ निवृत्त झालेल्या एका वर्णाला, ज्यांना तो वाचता येत नाही अशा लोकांनी चित्र म्हणून नवे जीवन दिले. चिन्हक तेच राहिले. चिन्हित मात्र संपूर्णपणे पालटले. सोस्यूर यांनी प्रतिपादिलेल्या चिन्हाच्या यादृच्छिकतेचे याहून सुबोध उदाहरण वर्गात देण्यास मिळणे कठीण आहे.

चौथी अवस्था आत्मपरिहासाची. आता मीमाचा विषय खेळ नसतो, मीमाचा सर्वव्यापीपणाच असतो. जिकडेतिकडे हीच आकृती दिसते, डोक्यातून ती जात नाही, असा आक्रोश करणारे एक लांबलचक गद्य स्वगत २०२१ मध्ये हजारो ठिकाणी जसेच्या तसे चिकटवले जाऊ लागले. मीमाचा कंटाळा व्यक्त करणारी कृतीच मीमाचा प्रसार करू लागली. एखादा वाङ्मयप्रकार आपल्या रूढींची थट्टा करू लागला की तो उतरणीस लागला असे मानण्याचा प्रघात आहे. विडंबनाची ही अवस्था येथे अवघ्या वर्षभरात आलेली दिसते.

५. अपार्थ, योग्यता आणि व्यंजना

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही रचना कोणत्या अर्थाने निरर्थक आहे?

वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. 'रेड सस' या खेळातील वाक्यात तिन्ही आहेत. परंतु 'ही कचऱ्याची पेटी सस आहे' या मीम-वाक्यात आकांक्षा व संनिधी असूनही योग्यता नाही. संशय घ्यावयाचा तर ज्याच्याविषयी तो घ्यायचा त्याला हेतू असावा लागतो आणि पेटीला हेतू नसतो. अग्नीने सिंचन करण्याचे जे उदाहरण शास्त्रकार योग्यतेच्या अभावासाठी देतात, त्याच वर्गात हे वाक्य बसते. याच्याही पुढे जाऊन केवळ 'अमोगस' एवढेच कोणी लिहितो, तेव्हा आकांक्षाही अपुरी राहते. कारण तेथे वाक्यच नसते.

पतंजलींनी महाभाष्यात अनर्थक समुदायाचे उदाहरण म्हणून डाळिंबे, अपूप, कुंड, कातडे अशा परस्परांशी अन्वय नसलेल्या वस्तूंची यादी दिली आहे. प्रत्येक पद सार्थ, पण समुदाय निरर्थ. आलंकारिकांनी याच कल्पनेवरून 'अपार्थ' हा काव्यदोष सांगितला. दंडीने त्याला जोडलेला अपवाद मात्र आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. उन्मत्त, मद्यधुंद आणि बालक यांच्या उक्तीत हा दोष दोष ठरत नाही, असे काव्यादर्शात म्हटले आहे. म्हणजे निरर्थाचा निर्णय केवळ वाक्य पाहून होत नाही. वक्ता कोण हे पाहावे लागते. मीमकर्ता हा या तिघांपैकी कोणीच नसतो. तो बुद्धिपुरस्सर बालकाची भूमिका घेतो आणि ती भूमिका आहे हे श्रोत्यास ठाऊक असते. दंडीच्या अपवादाचा असा अभिनीत वापर हे या रचनेचे पहिले व्यवच्छेदक लक्षण म्हणता येईल.

दुसरे लक्षण व्यंजनेचे. मम्मटाने आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना वक्त्याप्रमाणेच बोद्धव्याचे, म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते त्याचे, वैशिष्ट्यही गणले आहे. 'पेटी सस आहे' याचा वाच्यार्थ बाधित होतो. त्यातून साधणारी लक्षणाही नाही. शिल्लक राहतो तो एकच व्यंग्यार्थ : 'हे तुला समजले, अर्थात तू आमच्यातला आहेस.' मालिनोव्स्की यांनी १९२३ साली केवळ संबंध जोडण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले आणि याकबसन यांनी १९६० साली भाषेच्या सहा कार्यांत संपर्कनिष्ठ कार्याचा समावेश केला. निरर्थ मीम हे या कार्याचे अत्यंत शुद्ध रूप आहे. 'काय, कसं काय?' या प्रश्नात माहितीचा थोडा तरी अंश असतो. 'अमोगस'मध्ये तोही नसतो.

येथे निरर्थाच्या वाङ्मयीन परंपरेशी असलेला भेदही स्पष्ट केला पाहिजे. एडवर्ड लिअर आणि लुइस कॅरल यांच्या निरर्थ काव्यात शब्द बनावट असले तरी वाक्यविन्यास व छंद चोख असतात. त्यामुळे वाचकाला एक पर्यायी विश्व उभे राहिल्याचा प्रत्यय येतो. विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'मधील विश्व असेच आहे. तऱ्हेवाईक, पण स्वतःच्या नियमांनी बांधलेले. कूट अभंगांत आणि कबीराच्या उलटबांसींत तर विसंगतीच्या आड उपदेश असतो; उकल करणाऱ्यास तो लाभतो. निरर्थ मीम यांपैकी काहीच देत नाही. ते विश्व उभारत नाही आणि उकलही देत नाही.

अपरिचितीकरणाशी केलेली तुलनाही उद्‌बोधक ठरते. परिचित वस्तू अनोळखी करून दाखविणे हे कलेचे कार्य आहे, असे श्क्लोव्स्की यांनी १९१७ मध्ये मांडले. मीमाची दिशा याच्या नेमकी उलट आहे. जगातील नाना अनोळखी, भिन्न वस्तूंना ते एकाच अतिपरिचित आकृतीत कोंबते. इमारत, वडा, अक्षर, ध्वज, साऱ्यांचे एकच रूप. पहिल्या वेळी या आकस्मिक साम्याचे हसू येते. शंभराव्या वेळी हसू येते ते साम्याचे नव्हे, हट्टाचे.

६. एक पूर्वोदाहरण

खेळातून मीम निपजण्याची ही पहिली वेळ नव्हे. तोआप्लान या जपानी संस्थेच्या 'झीरो विंग' (१९८९) या खेळाच्या घरगुती यंत्रासाठी केलेल्या आवृत्तीत आरंभी एक नाट्यप्रवेश घातलेला होता. 'तुमचे सर्व तळ आमच्या ताब्यात आले आहेत' अशा आशयाच्या जपानी वाक्याचे त्यात 'ऑल युवर बेस आर बिलाँग टू अस' असे मोडके इंग्रजी भाषांतर झाले. २००१ च्या सुमारास हे वाक्य महाजालावर वणव्यासारखे पसरले. शेकडो छायाचित्रांतील फलकांवर ते चिकटविले गेले. १ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील स्टर्जिस गावी काही तरुणांनी त्याचे फलक गावभर लावले. इराकचे युद्ध नुकतेच सुरू झालेले असल्याने संदर्भ माहीत नसलेल्या गावकऱ्यांना व पोलिसांना त्यात धमकीचा भास झाला. तेच वाक्य, तोच दिवस. एका गटाला हसू, दुसऱ्याला भय. बोद्धव्याच्या वैशिष्ट्याने अर्थ कसा पालटतो याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

दोन मीमांत एक मूलभूत भेद आहे. 'झीरो विंग'च्या वाक्यात हसू होते ते परक्याच्या चुकलेल्या इंग्रजीचे. ज्यांनी इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कष्टाने आत्मसात केली त्या आपल्यासारख्या समाजांनी या हास्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. त्यात भाषिक सत्तेचा अंश आहे. 'अमोगस'मध्ये इंग्रजीभाषक आपलीच भाषा मोडतो. विनोदाचे लक्ष्य परका माणूस राहत नाही. शुद्ध बोलण्याचे बंधन हेच लक्ष्य होते.

७. आतला आणि बाहेरचा

असे असले तरी परका माणूस पूर्णपणे दृष्टिआड झालेला नाही. 'अमंग अस' म्हणजे 'आपल्यामध्ये'. खेळाचा सारा व्यापार 'आपल्या'तला परका हुडकण्याचा आहे, आणि ते हुडकणे बहुधा पुराव्यावर नव्हे तर बोलण्याच्या ढबीवर चालते. कोण अडखळला, कोणी उगाच खुलासा केला, कोण गप्प राहिला, यावर संशय ठरतो. या खेळातून निघालेली मीमेही तेच कार्य करतात. जो हसतो तो आतला. जो अर्थ विचारतो तो बाहेरचा. अर्थ समजावून सांगणे हा येथे शिष्टाचाराचा भंग ठरतो, कारण समजावण्यासारखे काही नसते आणि नसणे हीच तर खूण असते.

या ठिकाणी सहृदयाच्या संकल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने ज्याचे मन निर्मळ आरशासारखे झाले आहे तो सहृदय, असे अभिनवगुप्त सांगतो. मीमाचा जाणकारही अनुशीलनानेच घडतो. शेकडो मीमे पाहिल्याविना एकही कळत नाही. परंतु सहृदयाचे अनुशीलन त्याला स्वतःच्या अनुभवापलीकडील भावांशी तन्मय होण्याची शक्ती देते; मीमाच्या जाणकाराला त्याचे अनुशीलन केवळ ओळख पटविण्याची शक्ती देते. एकात मनाचा विस्तार आहे, दुसऱ्यात सदस्यत्वाचा दाखला. साथीच्या काळात एकमेकांपासून तुटलेल्या तरुणांना असा दाखला हवासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मात्र ज्या शब्दाने एकेकाळी रस्त्यावरील कृष्णवर्णीय तरुणाला 'बाहेरचा' ठरविले, तोच शब्द चार दशकांनी जगभरच्या मुलांच्या हाती 'आतला-बाहेरचा' ठरविण्याचे खेळणे म्हणून यावा, आणि कोणास त्याची आठवणही नसावी, ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही.

८. मराठीच्या संदर्भात

मराठी तरुणांच्या इंग्रजीमिश्रित बोलण्यातही 'सस' ऐकू येतो. 'तो जरा सस वाटतोय', 'सस आहे ते प्रकरण' अशा वाक्यांत तो सहज बसतो, आणि याला व्याकरणिक कारण आहे. मराठीतील आकारान्त विशेषणे लिंगवचनानुसार विकार पावतात. व्यंजनान्त उच्चाराची विशेषणे ('लाल', 'सुंदर', 'साफ') अविकारी राहतात. 'सस' दुसऱ्या गटात बिनबोभाट दाखल होतो. शिवाय 'संशयित' हा शब्द मराठीत पोलीस व वृत्तपत्रे यांच्या भाषेत अडकलेला आहे आणि 'संशयास्पद' घरगुती बोलण्यास जड वाटतो. 'पाणी मुरणे' हा वाक्प्रचार प्रकरणाविषयी चालतो, व्यक्तीविषयी नाही. अशी एक रिकामी जागा 'सस'ने भरली. 'अमोगस'ला मात्र मराठी वाक्यात अशी कोणतीच जागा नव्हती.

यावरून एक सामान्य अनुमान काढता येते. खेळातून आलेल्या सामग्रीपैकी जे रूप वाक्यात एखादे व्याकरणिक स्थान व एखादी अर्थगत उणीव भरून काढते ते टिकते. जे रूप केवळ संदर्भाच्या स्मरणावर जगते ते संदर्भाबरोबर विझते. इंग्रजीतही आकृतींच्या व ध्वनिविकारांच्या मीमांचा भर ओसरला, पण 'सस' हे विशेषण कोशात स्थिरावले.

९. समारोप

निरर्थ मीमांना वाङ्मय म्हणण्याचा आग्रह येथे नाही. त्यांत अर्थसंपन्नता नाही, आणि ती शोधण्याचा अट्टाहास केल्यास अभ्यासकच मीमाचा विषय होईल. परंतु अर्थ तुटताना कोणत्या क्रमाने तुटतो, म्हणजे आधी योग्यता, मग आकांक्षा आणि शेवटी शब्दच, आणि इतके सारे गेल्यावरही माणसे एकमेकांशी बोलत राहतात ती कशाच्या बळावर, हे या रचनांत उघड्यावर पाहावयास मिळते. शाब्दबोध, व्यंजना, चिन्हाची यादृच्छिकता, अर्थपरिवर्तन हे विषय पदव्युत्तर वर्गात शिकविताना विद्यार्थ्यांना आधीच पाठ असलेली ही सामग्री उपयोगात आणता येईल. त्यांना एखादे मीम वाक्यार्थाच्या तीन अटींवर तपासावयास सांगावे आणि त्यातील एका शब्दाचा खेळापूर्वीचा इतिहास कोशांतून शोधावयास लावावे. पहिल्या कामातून त्यांना आपल्या हसण्याचे कारण कळेल. दुसऱ्यातून, आपण सहज उच्चारलेला शब्द पूर्वी कोणाला ऐकावा लागला होता, हे कळेल.